सुगीच्या रस्त्यावरची मॅरेथॉन

गेल्या आठवड्यापासून आमच्या कंग्राळी गावच्या रस्त्यावर पुन्हा भात वाळायला पडलंय. सकाळी कॉलेजची बस गाठायला निघालं की कडेकडेनं चालावं लागतं, कारण सुगीत हा रस्ता अर्धा गाड्यांचा आणि अर्धा भाताचा असतो. मोटारसायकलवाले न सांगता वेग कमी करतात. कुत्रीसुद्धा ताडपत्रीला वळसा घालून जातात. ऊन वर आलं की त्या भाताला एक वास सुटतो, नव्या गोणपाटाचा आणि गरम चुरमुऱ्यांचा मिळून असावा तसा. पूर्वी त्या वासानं मला शाळेची सहामाही आठवायची. आता मॅरेथॉन आठवते.

हे मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. मॅरेथॉनवर लिहायचं तर पळणाऱ्यांवर लिहायला हवं, आणि माझ्या डोक्यात सारखं भातच येतं. पण दोन्ही एकाच रस्त्यावर आली होती, त्याला मी काय करणार.

वाळत घातलेलं भात अधूनमधून हलवावं लागतं. त्यासाठी अनवाणी व्हायचं आणि पाय न उचलता ताडपत्रीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जायचं. मागं पायांच्या सऱ्या उमटतात. वरचं भात खाली जातं, खालचं वर येतं. वरचं तळव्याला ऊन ऊन लागतं आणि बोटं आत गेली की रात्रीचा गारवा लागतो. चप्पल घालून भातावर पाय ठेवलेला आमच्या गल्लीत कुणी पाहिलेला नाही. लहानपणी मी एकदा विसरून तशी गेलते, तर आक्कानं मला भाताची माफी मागायला लावली होती. आक्का म्हणजे आप्पांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. ती शेजारच्या घरात राहते, पण तिची सत्ता दोन्ही घरांवर चालते. मी भाताला काय म्हणायचं ते न कळून नुसते हात जोडले. आक्का म्हणाली, "आसू दे, पोचलं."

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. कॉलेजात कुठून येतेस विचारलं आणि मी कंग्राळी म्हटलं, की समोरचा म्हणायचा, "म्हणजे एपीएमसीच्या पलीकडे का?" त्यात वाईट काहीच नव्हतं. आमचं गाव खरंच मार्केट यार्डाच्या पलीकडे आहे. पण सारखं तेच ऐकल्यावर वाटायला लागलं, की आमच्या गावाला स्वतःची जागाच नाही, ते फक्त कशाच्या तरी पलीकडे आहे. शहरात, टिळकवाडीत राहणारी माझी मैत्रीण श्रुती एकदा म्हणाली होती, "तुमच्याकडे यायचंय गं एकदा." मी ये म्हटलं, आणि दोघींनाही ठाऊक होतं की असं कुणी येत नसतं.

शहराच्या मॅरेथॉनचा इतिहास मला कुठल्या पुस्तकात मिळाला नाही. तो मला आप्पांनी सांगितला, तोही शिव्यांसकट. आमचे आप्पा कोबी आणि बटाटे पिकवतात आणि स्वतःच टेम्पोतून मार्केटला नेतात. मॅरेथॉन नेहमी थंडीतल्या रविवारी सकाळी, म्हणजे नेमकी आप्पांच्या मार्केटच्या वेळेला. दरवर्षी त्यांना ती कुठं अडवायची, त्यावरून तिचा मार्ग कसा वाढत गेला ते कळतं. सुरुवातीला ती नुसती लष्कराच्या कॅम्पातल्या कॅम्पात फिरायची. शाळेची मुलं, काही जवान आणि चार-दोन हौशी डॉक्टर. रस्ता बंद करायला सुतळीची दोरी, आणि ती धरायला दोन होमगार्ड. आप्पा दोरीखालून वाकून जायचे आणि टेम्पो मागं राहायचा. पुढं मार्ग किल्ला तलावाला वळसा घालायला लागला. तेव्हा भाजी मार्केट किल्ल्याजवळ होतं, त्यामुळं आप्पांचा कोबी मार्केट डोळ्यांसमोर दिसत असताना उन्हात बसायचा. मग मार्ग कोल्हापूर सर्कलच्या चौकापर्यंत आला. दोरी जाऊन बॅरिकेड आली, छातीवर नंबर आले, धारवाड, कोल्हापूर, निपाणी, गोव्याकडून माणसं येऊ लागली. साथीच्या काळात ती झालीच नाही. तेव्हा आप्पा सर्कलवरून सुसाट गेले आणि घरी येऊन म्हणाले, "आडवायला कोण न्हाय म्हटल्यावर गाडी चालवायला करमंना झालं."

एरवी त्यांचं ठरलेलं बोलणं असायचं. "ह्या लोकास्नी घरात शेत न्हाय काय? घाम फुकट गाळत्यात. आमच्याकडं खुरपायला तरी यायचं."

आणि मग त्यांच्याच घरातली मुलगी पळायला लागली.

त्याला मोठं कारण नव्हतं. गावातली मुलं लष्कराच्या भरतीसाठी पहाटे मार्कंडेय नदीच्या पुलापर्यंत पळायची. मी बस चुकू नये म्हणून पळायचे. कॉलेजच्या मैदानावर आमच्या क्रीडाशिक्षकांनी मला एकदा पळताना पाहिलं आणि रोज यायला सांगितलं. आईनं सकाळची भाकरी लवकर थापायला सुरुवात केली. आक्कानं मात्र आईला गाठून विचारलं, "पोरगी पळतीया म्हणं. मागं कोण लागलंय काय?"

"कोण न्हाय. आपलीआपणच पळतीया," आई म्हणाली.

"मग थांबीव की तिला."

गेल्या वर्षी शहरातला एक मोठा रस्ता पाइपलाइनसाठी उकरून ठेवला होता आणि अर्ध्या मॅरेथॉनला दुसरी वाट हवी होती. मार्ग आखणारे एक सर मोटारसायकलवरून आमच्या बाजूला येऊन गेले. सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना शेतं, पुढं नदीचा पूल आणि तिथून परत वळायला भरपूर जागा. त्यांना ते फार आवडलं. फक्त सुगी होती, आणि रस्त्यावर भात होतं.

देवळासमोर गाव जमलं. सरांनी सांगितलं, की रविवारी सकाळी रस्ता पूर्ण मोकळा हवा. मागून कुणीतरी म्हणालं, "आणि भात काय आभाळात वाळवू?" सगळे हसले. सरही हसले, पण त्यांनी आपलं बोलणं पूर्ण केलं. हे पहिलंच वर्ष आहे. पळणाऱ्यांची अडचण झाली, कुणी पडलं-बिडलं, तर पुढच्या वर्षापासून एपीएमसीच्या गेटवरूनच वळवावं लागेल.

गेटवरूनच. म्हणजे आम्ही पुन्हा पलीकडे. मी बायकांच्या मागं, आईच्या खांद्याआड बसले होते. मला हवं होतं ते फार मोठं नव्हतं. माझ्याबरोबर पळणाऱ्यांनी आमचा रस्ता एकदा पाहावा, आणि दरवर्षी पाहावा, एवढंच. पण तेवढंही उठून बोलायचं धाडस माझ्यात नव्हतं. मला चारचौघांत मोठ्यानं बोलता येत नाही. वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज पहिल्या बाकापर्यंतच पोहोचतो.

आप्पा उठले. मला वाटलं, आता इतक्या वर्षांचा कोबी बाहेर पडणार.

"आजपातुर ह्यांनी मला आडीवलं," ते म्हणाले, "साथीचं सोडलं तर येक वर्स चुकलं न्हाय. आता तेच आमच्या दारात यायलेत, तर आपण त्यास्नी आडवायचं? मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय ऱ्हायला?"

कुणीतरी म्हणालं, "आप्पा, तुझी पोरगी पळणार हाय म्हणून बोलालाईस."

"व्हय. म्हणूनच बोलालोय," आप्पा म्हणाले आणि खाली बसले.

तो रविवार मी पुन्हा पुन्हा आठवते, पण सलग आठवत नाही. कॅम्पातल्या मैदानावर आम्ही उभे होतो तेव्हा जुन्या झाडांमधून धुकं खाली उतरत होतं. माइकवरून कन्नड, मराठी आणि इंग्रजीत सूचना चालल्या होत्या. तिन्ही भाषांत एकच गोष्ट ऐकून मी तीनदा बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. श्रुतीही पळत होती. तिचे बूट नवीन होते, माझे क्रीडाशिक्षकांनी मिळवून दिलेले. मग पळायला सुरुवात झाली आणि बराच वेळ फक्त बुटांचा आवाज होता, पत्र्यावर पाऊस पडावा तसा. किल्ला तलावाचं पाणी वाफाळत होतं. सर्कलवर अडवलेल्या गाड्यांची रांग होती आणि त्यातल्या टेम्पोंमध्ये मी उगाच आप्पांचा टेम्पो शोधला. मार्केट यार्डाच्या गेटपाशी कांद्याचा आणि ओल्या पोत्यांचा वास आला. तिथं आतापर्यंत लोकांना शहर संपल्यासारखं वाटायचं. आम्ही गेट ओलांडून पुढं गेलो. दोन्हीकडं कापलेली शेतं उघडी पडलेली, त्यांवर दव, आणि समोर सरळ आमचा रस्ता. शेजारी पळणारा एक माणूस कुणाला तरी म्हणाला, "किती चांगला रस्ता आहे हा." माझे पाय जरा जोरात पडले असावेत.

गावाच्या तोंडाशी आल्यावर पुढची रांग वाकडी झालेली दिसली.

आमच्या गावानं काय केलं होतं, ते मी पहाटेच घरातून निघाल्यामुळं पाहिलं नव्हतं. भात पुरतं वाळलं नव्हतं. तसं पोत्यात भरलं तर ते तापतं, म्हणून सगळ्यांनी ते रस्त्याच्या दोन्ही कडांना ओढून वर ताडपत्र्या घातल्या होत्या. मधला रस्ता झाडून स्वच्छ केला होता. आणि नुसता काळा रस्ता पाहुण्यांसमोर कसा ठेवायचा, म्हणून बायकांनी त्यावर रांगोळी घातली होती. शिवजयंतीच्या मिरवणुकीला गल्लीत घालतात तशी, लाल-पिवळी, मधल्या मोकळ्या रस्त्याच्या पूर्ण रुंदीची, देवळापासून शाळेपर्यंत. मिरवणुकीत पालखी सरळ रांगोळीवरून येते आणि लोक तिच्या मागून. बायकांच्या मनात तेच चित्र होतं. रांगोळी घालायची आणि येणाऱ्यांनी ती तुडवत यायचं. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं एकीलाही वाटलं नाही.

पण सगळ्यांत पुढं पळणारा जो कुणी बाहेरगावचा होता, तो एवढी सुंदर रांगोळी पाहून कडेला झाला. त्याच्या मागचे त्याच्या मागं. रांगोळीवर बूट घालायला कुणाचाच जीव होईना. सगळे ताडपत्र्यांवरून जात होते. ताडपत्रीखाली काय आहे ते त्यांना कसं कळणार? मी पोहोचले तेव्हा एक ताडपत्री फाटून भात रस्त्यावर सांडलं होतं. दाण्यांवरून बूट घसरत होते. एक मुलगा त्यावरून घसरून खाली बसला होता आणि सर मोटारसायकल लावून त्याला उठवत होते. मध्ये रांगोळी जशीच्या तशी, एक रेघ न पुसलेली. आणि आक्का दोन्ही हात पसरून ताडपत्रीसमोर उभी होती.

"भातावरनं नगा रं बाबांनू," ती म्हणत होती. तिचा आवाज चिरकला होता. "रांगोळी तुडवा की. रांगोळी तुडवायलाच घातलीया."

कानांत गाणी घातलेले लोक तिला नमस्कार करून भातावरून पुढं जात होते. त्यांना वाटलं, म्हातारी आशीर्वाद देतेय.

आई शेंगदाणे-गुळाचं ताट धरून उंबऱ्याशी उभी होती. तिनं मला पाहिलं. मी थांबले. माझ्या पायाशी रांगोळीची कड होती, आणि ते आईच्याच हातचं काम होतं. ती पाकळ्यांची टोकं जराशी आत वळवते, ते मी कुठंही ओळखेन. भल्या पहाटे मी गेल्यावर, थंडीत, ती इथं वाकून बसली असणार.

"आई, हे तू घातलंयस," मी म्हणाले.

"व्हय. मग? तुमच्यासाठीच घातलंय. तुडव."

मी पाय ठेवला. मग दुसरा. मऊ लागलं, थोडं भातासारखंच. मी रांगोळीच्या मध्यावर जाऊन मागं वळले आणि ओरडले. "इकडून या. इकडूनच. तिकडं भात आहे." समोरून येणाऱ्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, तेव्हा कन्नडमध्ये ओरडले, "इल्लिंद बर्री, बर्री." माझा इतका मोठा आवाज मी स्वतःच कधी ऐकला नव्हता. आईनं ताट खाली ठेवलं आणि तीही अनवाणी पायांनी रांगोळीवर आली. तिच्यामागून इतर बायका. आपणच घातलेल्या रांगोळीवर त्या हसत हसत पाय घासत फिरू लागल्या, भात हलवतात तशा. ते पाहिल्यावर एकदाचं लोकांना कळलं. धारवाडकडचे एक वयस्कर गृहस्थ आधी आले, थबकले, हात जोडून पुढं गेले. मग सगळी रांग मध्ये वळली. लाल-पिवळी धूळ गुडघ्यांपर्यंत उडायला लागली. मागून आलेली श्रुती मला म्हणाली, "तू इथं का उभी? पळ ना." मी म्हणाले, "हे आमचं घर." ती पळता पळता मान वळवून दारापर्यंत पाहत गेली.

माझी वेळ चांगली आली नाही. ज्यांच्याबरोबर राहायचं ठरवलं होतं त्या मुली कधीच पुलावरून वळून गेल्या होत्या. याचं मला वाईट वाटायला हवं होतं. परतीच्या वाटेवर मी पुन्हा घरावरून गेले तेव्हा रांगोळी उरली नव्हती, नुसता रंगीत रस्ता होता. आक्का सांडलेल्या भाताला हातांचा वेढा घालून बसली होती. तिनं मला पाहून हातानं 'जा, जा' अशी खूण केली. मागं कुणी लागल्याशिवाय पळणाऱ्या मुलीला तिनं त्या दिवशी पहिल्यांदा थांबवलं नाही.

मैदानावर पोहोचणाऱ्या प्रत्येकाचे बूट लाल-पिवळे होते. पाण्याच्या बाटल्या वाटणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "अगंबाई, रंगपंचमी कुठं खेळून आलात?"

मी तोंड उघडायच्या आत श्रुती म्हणाली, "कंग्राळीत."

तिनं पलीकडे-बिलीकडे काही जोडलं नाही. त्या बाईंनी मान डोलावली, जशी शहरातलं शहापूर म्हटल्यावर किंवा वडगाव म्हटल्यावर कुणीही डोलावील. मी पदकाची रिबन बोटाला गुंडाळत राहिले. इतका अभिमान कुठं ठेवायचा असतो, हे मला तेव्हा कळलं नाही, आजही नीट कळत नाही.

घरी आले तर सर अंगणात उभे होते. आई आणि आक्का सुपात सांडलेलं भात घेऊन त्यातला रंग पाखडत होत्या. आप्पा म्हणाले, "सर, चूक आमची. भात कडेला ठेवायला नको हुतं."

"नाही हो, आमची. ताडपत्रीखाली काय आहे, हे आम्ही सगळ्यांना सांगायला हवं होतं."

"न्हाय, आमचीच."

आक्का सूप न थांबवता म्हणाली, "दोघांची न्हाय. त्यो फुडं पळणारा हाय का, त्येची. येवढा शाना कशाला व्हायचा?"

सर हसले. पुढच्या वर्षीचं कुणी विचारायच्या आधी आप्पांनीच विचारलं. सर गाडी सुरू करता करता म्हणाले, "बघू." आप्पा त्या एका शब्दावर वर्षभर चिडून होते. "बघू म्हणजे काय? नगं म्हणायचं तर सरळ नगं म्हणा की."

ते वर्ष तसंच गेलं. रोपं लावली, पूर येता येता राहिला, भात निसवून लोंब्यांनी भरलं. मी दुसऱ्या वर्षाला आले. शहरातला तो खोदलेला रस्ता बुजवून गुळगुळीत झाला, आणि जाता-येता तो पाहून माझा जीव खाली-वर व्हायचा. आता मार्गाला आमची गरज उरली नव्हती. तरी यंदा भात घरी यायच्या आधीच गावानं देवळाचा सभामंडप रिकामा करून ठेवला. मॅरेथॉनच्या आदल्या शनिवारी दुपारी सगळं भात तिथं पसरायचं, कडेला एक दाणा ठेवायचा नाही, असं ठरलं. कुणी सांगितलं नव्हतं. मॅरेथॉन येणार की नाही हेही माहीत नव्हतं. आई फक्त म्हणाली, "आली तर आपली अडचण नगं."

परवा सकाळी मी बसला निघाले होते, तर पुलाच्या अलीकडे मोटारसायकल लावलेली दिसली. सर रस्त्यावर गुडघे टेकून बसले होते. शेजारी पांढऱ्या रंगाचा डबा होता. गेल्या वर्षी वळण दाखवायला त्यांनी चुन्यानं बाण काढला होता, तो चार दिवसांत गेला होता. यंदा हातात ब्रश होता आणि ऑइलपेंटचा वास लांबपर्यंत येत होता. मी तिथंच थांबले. बस गेली तरी जाऊ दे म्हटलं. शेताकडं निघालेली आक्काही थांबली. डोक्यावरची पाटी तशीच धरून ती बाणाभोवती एक फेरी मारून आली.

"ह्यो पुसल काय?" तिनं विचारलं.

"नाही, आक्का," सर म्हणाले. "पाऊस पडला तरी नाही."

आक्कानं बाणाकडं पाहिलं, मग पुलाकडं पाहिलं, मग पुन्हा बाणाकडं.

"मग जरा सरळ काढा की," ती म्हणाली.